आईच्या वतीने बोलायचं नाही

आईच्या स्मरणशक्तीची तपासणी होती. तिला इंग्रजी येत नाही. सिडनीत अठरा वर्षं काढलेली तिची मुलगी शेजारी बसलेली असताना नर्सने फोनवर मराठी दुभाषी बाई जोडून घेतली. घरच्यांनी दुभाष्याचं काम करायचं नाही, हा नियम. मला अपमान वाटला. आईचं बोलणं माझ्याइतकं कुणाला कळणार?

तपासणीचं नाव रुडास. वेगवेगळ्या भाषांच्या, कमी शिकलेल्या वृद्धांवर अन्याय होऊ नये म्हणून ती याच शहरात तयार झाली आणि २००४ साली प्रसिद्ध झाली. चहा, तेल, अंडी, साबण लक्षात ठेवायचं. एका हाताची मूठ, दुसऱ्याचा पंजा, मग उलट. रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल? ३० पैकी २२ किंवा त्याहून कमी गुण आले की पुढच्या तपासण्या. चौकोनी खोका काढताना आईचा हात अडला. मी पुढे वाकले, तर नर्सने हातानेच मला थांबवलं. आईला २६ मिळाले.

मग मनाबद्दलचे १५ प्रश्न. ‘आयुष्य रिकामं वाटतं का?’ मी असते तर आईला न विचारताच ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते. आई फोनकडे बघून म्हणाली, “रिकामं नाही हो. पण सकाळी उठून करायचं काय? इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.” दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मला ते दोनदा ऐकावं लागलं.

गुडघे दुखतात म्हणून मीच तिला ओट्यापाशी उभं राहू देत नव्हते. त्यात माझं चुकलं, असं मला अजूनही पुरतं वाटत नाही.

आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनाची अशी विचारपूस इथल्यांनाच सुचते, असंही नाही. गोव्यात साठीपुढच्या, किंचित उदास असलेल्या लोकांसोबत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी काम केलं. अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सांभाळायची, हे शिकवलं. वर्षभरात त्यांच्या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० जणांत तो १३ जणांना झाला. २०१८ साली हे छापून आलं. नर्सला मी ते आवर्जून सांगितलं; तिने लिहून घेतलं.

पुढची भेट महिन्याने आहे. काल भाजी निवडता निवडता आईने विचारलं, “फोनवर त्याच बाई असतील ना गं?”