बुधवारची टी शीट

बुधवार, ६ एप्रिल २०२२. पहाटे सव्वापाचला गोल्फ कोर्सच्या कॅडी शेडमधल्या बाकांवर सव्वीस कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारे, बसले होते आणि माझ्या हातातल्या टी शीटवर, म्हणजे त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीवर, नावं होती नऊ.

नऊ खेळाडू म्हणजे नऊ बॅगा, आणि नऊ बॅगा म्हणजे नऊ जणांना काम. उरलेल्या सतरा जणांना काय सांगायचं, ते उजाडायच्या आत ठरवायचं होतं.

मी पुण्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गोल्फ कोर्सवर कॅडी मास्टर आहे. आधी नऊ वर्षं स्वतः बॅगा उचलल्या, मग हे टेबल मिळालं. कोणत्या खेळाडूबरोबर कोणी जायचं, पहिल्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेवरून, कोण किती वाजता सुटणार, कालपासून कोणाचा नंबर राहिलाय, हे सगळं माझ्या वहीत असतं. वही मी जिवापाड सांभाळतो. तिच्यात माझी चूक झाली की कोणाच्या तरी घरी त्या दिवशी पैसे जात नाहीत.

पेट्रोलचे भाव नोव्हेंबरपासून जागचे हलले नव्हते. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल भडकलं, तरी पंपावरचा आकडा तोच. मग २२ मार्चपासून वाढ सुरू झाली. बहुतेक दिवशी ८० पैसे. सकाळी उठून मोबाइलमध्ये बघायचं, आज किती. ६ एप्रिलच्या सकाळची वाढ चौदावी होती. सोळा दिवसांत १० रुपये. मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर गेलं, आमच्याकडेही १२० च्या आसपास. ही वाढ इथे थांबणार आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं. शेडमधली पोरं १३० चा हिशेब करत होती.

लोक मला म्हणतात, गोल्फवाल्यांना पेट्रोलचं काय! हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वही उघडूनच दाखवतो. ज्याला फरक पडत नाही तो रविवारी येतो, आणि रविवार माझ्या वहीत कधीच कमी झाला नाही. त्या मार्चमध्येही नाही, एप्रिलमध्येही नाही. सकाळी सहा ते नऊ दर दहा मिनिटांनी चौघे सुटतात, ते तसेच सुटत होते. आटले ते मंगळवार, बुधवार, गुरुवार. आणि ते दिवस कोणाचे असतात? निवृत्त माणसांचे. मुलाला खेळाडू करायचं म्हणून शाळा सांभाळून त्याला आणणाऱ्या आईवडिलांचे. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हडपसर-खराडीकडून तास-दीड तास गाडी हाकत येणाऱ्यांचे. ज्यांचं खेळावर खरं प्रेम आहे, पण हात मोकळा नाही, अशांचे. कॅडींची चूल याच तीन दिवसांवर चालते. रविवारची गर्दी एका दिवसाची, आणि एक माणूस एका दिवशी फार तर दोन राउंड मारतो. अठरा होल म्हणजे चार-साडेचार तास आणि सात-आठ किलोमीटरची चाल, बारा किलोची बॅग खांद्यावर घेऊन.

त्या सव्वीस जणांकडे बघताना माझ्या डोक्यात वेगळाच आकडा फिरत होता. आमची बरीच पोरं अठरा-वीस किलोमीटरवरच्या गावांतून मोटरसायकलवर येतात. जाऊन-येऊन ३८ किलोमीटर, घाट असल्यामुळे गाडी लिटरला ४५ च देते, म्हणजे शंभर रुपयांचं पेट्रोल. कॅडी फी तेव्हा ४५०. बॅग लागली तर शंभर वजा होतात, ठीक आहे. नाही लागली तर? त्या पोराने शंभर रुपये जाळून दिवसभर बाकावर बसायचं आणि घरी हात हलवत जायचं. खेळाडूला न खेळण्याची मोकळीक असते. कॅडीला आधी पेट्रोल भरावं लागतं, मग कळतं काम आहे की नाही.

त्या सकाळी मी वहीप्रमाणे नऊ नंबर वाचले. सतरा जण उठले नाहीत. ऐनवेळी कोणी येईल या आशेवर बसून राहिले.

सव्वासहाला सरांची गाडी आली. वय एकाहत्तर, एका कारखान्यातून निवृत्त झालेले, हडपसरच्या पलीकडे राहतात. त्यांची मेंबरशिप फक्त मधल्या वारांची, ती स्वस्त पडते म्हणून घेतलेली. सोम, बुध, शुक्र असे तीन दिवस, अकरा वर्षं, पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर खंड नाही. आणि अकरा वर्षं त्यांची बॅग तात्याच उचलतात. तात्या आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. सरांचा सातव्या होलवरचा पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, उजवीकडे जातो हे सरांच्या आधी तात्यांना कळतं.

सर गाडीतून उतरून आधी माझ्या टेबलाशी आले. असं ते कधी करत नाहीत.

"जरा बोलायचंय. तात्या नाहीत ना जवळ?"

तात्या बॅग काढायला डिकीकडे गेले होते.

सरांनी खिशातून मागच्या सोमवारचं स्कोअरकार्ड काढलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब होता. घर ते कोर्स ३२ किलोमीटर. चांदणी चौकात काम चाललेलं, तिथे पाऊण तास गाडी रांगेत, त्यामुळे लिटरला ११ च मिळतात. जाऊन-येऊन जवळपास सहा लिटर. सातशे रुपये.

"मेंबरशिप वर्षाची एकदाच भरली, ती गेली ती गेली. पण रोज घरातून निघताना दोनच खर्च समोर असतात. तात्यांचे साडेचारशे आणि पेट्रोलचे सातशे. अठरा होल माझ्याबरोबर चालणाऱ्या माणसापेक्षा मी रस्त्याला जास्त देतोय. हे मला बरं नाही वाटत."

मी काहीच बोललो नाही. ते पुढे म्हणाले, सिलिंडर त्याच २२ मार्चला ५० रुपयांनी वाढला, औषधं आहेत, ठेवींवरचं व्याज पूर्वीसारखं राहिलं नाही. सीएनजी बसवायचा विचार केला होता, तेवढ्यात राज्य सरकारने १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. "पण टाकी डिकीत बसते. मग गोल्फ बॅग ठेवू कुठे?" आणि आठवडा व्हायच्या आत सीएनजीही परत चढला होता.

"महिन्यातून दोनदा येईन आता. तात्यांना मी कसं सांगू ते तुम्हीच सांगा."

तीन दिवस आठवड्याला, म्हणजे महिन्याला बारा-तेरा राउंड. त्याचे दोन. तात्यांच्या घरातून महिन्याला पाच हजार कमी होणार होते. आणि त्यात रागवावं असं कोणीच नव्हतं. मला त्या माणसाचा आदरच वाटला. नुसतं यायचं बंद केलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. बाकीच्यांनी तसंच केलं होतं. ते येऊन सांगत होते.

मी म्हणालो, "सर, आज खेळून या. परत येईपर्यंत मला वेळ द्या."

सर आणि तात्या पहिल्या टीवर गेले. मी वही घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच तिच्यातली नावं न बघता पत्ते बघितले. आम्ही फोरबॉल, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांचा गट, लावतो ते वेळेवरून आणि हँडिकॅपवरून. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला. साधारण सारख्या ताकदीचे चौघे एकत्र, म्हणजे खेळ रेंगाळत नाही. पण हडपसर, मगरपट्टा, खराडी, विमाननगर अशी एक रांग काढली तर त्या एका पट्ट्यातली अकरा नावं निघाली. अकराही जण मधल्या वारांचे. अकरा गाड्या. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वारी, त्याच रस्त्याने. त्यातल्या सहा जणांचं येणं गेल्या तीन आठवड्यांत निम्म्यावर आलं होतं. मी तोवर एकेकाचं नाव गळताना बघत होतो, सगळे एकाच दिशेने गळतायत हे मला दिसलं नव्हतं.

चौघांनी एक गाडी करायची, ही काही मोठी अक्कल नव्हे. लोकांनी आपापसात ते केलं नसतं का? अडचण बॅगेची होती. गोल्फची बॅग चार फूट लांब, चौदा क्लब म्हणजे खेळायच्या काठ्या, छत्री, बूट. साध्या गाडीच्या डिकीत दोन बॅगा मोठ्या मिनतवारीने बसतात. चार माणसं बसतील, चार बॅगा नाही. म्हणून प्रत्येक जण आपली गाडी काढतो आणि शेजारच्या तीन सीट रिकाम्या आणतो.

मशिनरी शेडच्या मागे एक खोली होती. गवत कापायच्या यंत्रांची जुनी पाती, तुटलेले पाइप, असं सामान पडलेलं. मी व्यवस्थापकांकडे गेलो आणि ती खोली मागितली. बॅगा कोर्सवरच राहतील, खेळाडू रिकाम्या हाताने येतील. त्यांनी चोरीचं विचारलं, क्लबला ओल लागली तर काय ते विचारलं, आणि एक महिना करून बघा म्हणाले. त्यांच्यावरही ताण होताच. ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक हिरवळ, रोज कापावीच लागतात, तीन-चार मिलिमीटरवर, त्यात काटकसर चालत नाही. पण कडेचं उंच गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरची फेरी डिझेलपायी आठवड्यातून एकवर आणली होती. (त्याचा त्रास पावसाळ्यात झाला. बॉल गवतात जायचा, नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटं, आणि सापडायचा नाही.)

साडेअकराला सर अठरावं होल संपवून आले. तात्या मागे, बॅग खांद्यावर. चेहरा बघूनच कळलं की सरांनी सांगून टाकलंय.

तात्या शेडमध्ये आले, पाणी प्यायले आणि माझ्याशेजारी बसले.

"पाचव्या होलला सांगितलं त्यांनी. तिथनं पुढं त्यांचा एक बॉल सरळ नाय गेला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणलं, साहेब, मी बी आता गाडीवर एकटा येत नाय. तिघं बसून येतो. पोलिसानं धरलं तर धरलं." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांच्या गाडीत चार सीटा हायेत."

अकरा वर्षं ज्या माणसाची बॅग उचलली त्याच्या रिकाम्या सीट तात्यांनी मोजलेल्या होत्या. मी वहीतून पत्ते शोधत होतो तेव्हा.

दुपारभर मी फोन केले. सगळे हो म्हणाले असं नाही. एकाने स्पष्ट सांगितलं की गाडीतला तो तास मला एकट्याला हवा असतो, घरी आणि ऑफिसात तो मिळत नाही. मला ते पटलं, मी आग्रह केला नाही. एकाला दुसऱ्या एकाबरोबर बसायचं नव्हतं, कारण विचारायची माझी जागा नव्हती. खराडीच्या एक मॅडम मुलीला सरावाला आणतात. त्या म्हणाल्या, "मी बुधवारी येणं बंदच केलं होतं. कोणी बरोबर असेल तर दोघींना तुमच्याकडून धरा." संध्याकाळपर्यंत येत्या बुधवारची एक गाडी पूर्ण झाली. मॅडम, त्यांची मुलगी, मगरपट्ट्याचे एक गृहस्थ आणि सर. एकाहत्तर वर्षांचा आणि चौदा वर्षांची, हँडिकॅप अठरा आणि सव्वीस, एकाच फोरबॉलमध्ये. एरवी मी असा फोरबॉल कधी लावला नसता.

सर महिन्यातून दोनदावर आले नाहीत. आठवड्यातून दोनदावर आले. तिसरा दिवस गेला तो गेलाच. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क आठ रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट पाच रुपयांनी, मुंबईत भाव १०६ वर आला. तरी सरांचा सोडलेला सोमवार परत भरला नाही. माणसाने एक दिवस सोडला की तो दिवस दुसऱ्याच कशाला तरी लागतो. पंपावरचा आकडा खाली येतो तेवढ्या सहज तो दिवस परत येत नाही, हे मी वहीत दर आठवड्याला बघितलं.

बॅगांची खोली तात्यांकडे दिली. क्लब पुसायचे, खाचांतली माती ब्रशने काढायची, ग्रिप कोरड्या ठेवायच्या, महिन्याला एका बॅगेचे तीनशे. सुरुवातीला सहा बॅगा होत्या. गेलेले पाच हजार त्यातून भरून निघत नव्हते, पण तात्यांचा उजवा गुडघा तेव्हाच बोलू लागला होता, आणि त्या खोलीत खुर्ची होती.

माझं त्या दिवशीचं खरं काम मात्र रात्री होतं. ते सतरा जण. दुपारी दोनपर्यंत बसून त्यांतल्या दोघांना बॅग लागली, पंधरा जण तसेच गेले. जाताना मी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की आजपासून रात्री आठला टी शीट ग्रुपवर टाकीन. जेवढ्या बॅगा तेवढी नावं. ज्याचं नाव नाही त्याने यायचं नाही, त्याचा नंबर दुसऱ्या दिवशी पहिला. एक पोरगा म्हणाला, "दादा, पण कोणी ऐनवेळी आलं तर? ती बॅग कोणाला?" त्याचं बरोबर होतं. ऐनवेळच्या बॅगा जवळच्या गावातल्यांना जाणार होत्या, ज्यांना यायला दहा मिनिटं लागतात. लांबच्यांचं त्यात नुकसान होतं. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो आणि शेवटी ठरलं की अशी बॅग ज्याला लागेल त्याचा नंबर मागे जाईल. पूर्ण न्याय त्यातही नव्हता.

रात्री आठला मी गुरुवारची शीट टाकली. बारा नावं. मेसेज गेला आणि ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही. नेहमी त्या ग्रुपवर काही ना काही चालू असतं.

साडेआठला फोन वाजला. यादीत नाव नसलेला, घाटापलीकडच्या गावातला पोरगा. सकाळी बाकावर दुसऱ्या रांगेत बसला होता.

"दादा, उद्या नाही ना माझं?"

"नाही रे. परवा पहिला नंबर तुझा."

"बरं." मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं. "मग गाडीत पन्नासचं पेट्रोल आहे, ते आईला दवाखान्यात न्यायला वापरतो."