कुत्र्याचं वजन उतरवायचंय? आधी ती वाटी बाजूला ठेवा

आमचा ब्रूनो लॅब्रॅडॉर, नसबंदी झालेला, वजन 38 किलो आणि व्हेटच्या मते असायला हवं 30. थायरॉइडची टेस्ट नॉर्मल आली (ती आधी करून घ्याच, कारण थायरॉइड कमी असेल किंवा कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) असेल तर नुसतं डाएट करून भागत नाही), म्हणजे प्रश्न खाण्याचाच होता.

तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की खाणं वाटीने मोजू नका, किचनमधल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. वाटी कधी सपाट भरते कधी शीग लावून, आणि घरात तीन माणसं तीन पद्धतीने भरतात, मग कुत्रा बारीक कसा होणार सांगा.

हिशोब सोपा आहे, आणि तो आत्ताच्या वजनावर नाही तर जे वजन हवंय त्यावर करायचा. 30 किलोला दिवसाला साधारण 900 किलोकॅलरी येतात, हे सुरुवातीचं माप, पुढे व्हेट कमीजास्त करतात. त्यातला जास्तीत जास्त दहावा हिस्सा ट्रीट्सचा, उरल्या 810. पाकिटावर 100 ग्रॅमला 350 लिहिलं असेल तर झाले सुमारे 230 ग्रॅम, दिवसभराचे हां, एका वेळचे नाही! सकाळीच मोजून डब्यात काढून ठेवायचे, ज्याला कुणाला द्यायचंय त्याने त्याच डब्यातून द्यायचं, डबा संपला की विषय संपला. दात साफ करायच्या काड्या, गोळी ज्यात लपवून देतो ते चीज, हेसुद्धा ट्रीटच, ते पण धरायचं.

नेहमीचंच खाणं खूप कमी केलं तर प्रोटीन आणि व्हिटॅमिन्स पण कमी पडतात, त्यामुळे जास्त वजन उतरवायचं असेल तर व्हेटला विचारून वेट लॉसचं खास फूड घ्या, त्यात प्रोटीन आणि फायबर जास्त असतं, पोट भरल्यासारखं राहतं. मधेमधे काकडी, गाजर, उकडलेली फरसबी चालते (मीठमसाला काही नाही). द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलेलं काहीही अजिबात नाही.

आता ते डोळे. लॅब बघत बसतो, पाय लावतो, कुणालाही वाटतं उपाशी आहे बिचारा. पण बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बदल असतो आणि त्यामुळे त्यांना खाण्याची ओढच जास्त असते, 2016 मध्ये संशोधकांनी हे दाखवलं. त्याची भूक खरी आहे, म्हणून त्याला रागवायचं नाही, तेच खाणं पझल फीडरमध्ये (ज्यातून खाणं काढायला कुत्र्याला खटपट करावी लागते असं भांडं) घालायचं, दोनाऐवजी तीन वेळा विभागून द्यायचं. खाणं मोजून कमी देणं मला फार गरजेचं वाटतं, कारण 2002 मध्ये आलेल्या लॅब्रॅडॉरवरच्या एका अभ्यासात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. दोन वर्षं! कुत्र्याच्या आयुष्यात ती किती मोठी असतात.

घाई मात्र नको. आठवड्याला 1 ते 2 टक्के, म्हणजे 38 किलोवाल्याचे साधारण 400 ते 750 ग्रॅम, एवढंच. दर दोन आठवड्यांनी कुत्र्याचं वजन करा, दर वेळी एकाच वजनकाट्यावर, वजन उतरायचं थांबलं तर व्हेटला विचारून खाणं थोडं अजून कमी करा, आणि अधूनमधून बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता हाताला लागायला लागल्या की उतरतंय.