काइट सुटली तर वारा कुठे नेऊन टाकेल? विदर्भातून काइटसर्फिंगला निघताना किनारा निवडण्याबद्दल

खळ्यात उपणणी केलेल्या माणसाला काइटसर्फिंगचा पहिला धडा आधीच येतो. धुऱ्यावरच्या बाभळीच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला वारा सलग मिळत नाही. झटका येतो, मध्येच पडतो, आणि कुटार दाण्यातच राहतं. समुद्रावरही हेच होतं, फक्त तिथे हातात सूप नसतं, पायाखाली बोर्ड असतो आणि आपल्याला ओढणारी १० ते १२ चौरस मीटरची पतंगासारखी काइट कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेली असते. वारा पडला की ती पाण्यात कोसळते, झटका आला की माणसाला उचलते. किनाऱ्यावरची सुरूची बनं, नारळाच्या वाड्या, हॉटेलांच्या इमारती वारा असाच गढूळ करतात. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत वाऱ्यावर भरवसा ठेवू नये. सुरूचं झाड १५ मीटर असेल तर दीडशे मीटर.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेत. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून जातात ते मतलई. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य इथे जिवाशी येतं. सकाळी मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं. नवख्याला तेच सोपं वाटतं, आणि तोच वारा त्याला आत समुद्रात नेतो. उलट, थेट समुद्रावरून छातीवर येणारा वाराही शिकाऊला जड जातो. तो सारखा वाळूवर आणून टाकतो, चूक सावरायला जागाच उरत नाही. सगळ्यात बरा तो पाण्याकडून तिरपा येणारा.

किनारा पाहायला गेलात की एकच प्रश्न विचारा. बोर्ड गेला, काइट पाण्यात पडली, आता अर्ध्या तासानं आपण कुठे असू? उत्तर मोकळी वाळू असेल तर पुढचा विचार करा. खडक, जेट्टी, मासेमारीची जाळी किंवा खाडीचं मुख असेल तर दुसरी जागा शोधा. उत्तर ‘आत समुद्रात’ असेल आणि बचावाची बोट नसेल, तर त्या दिवशी काइट पिशवीतच राहू द्या. रीलमधल्या नावाजलेल्या किनाऱ्यांपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

अगदी नवख्याला कंबरभर पाणी, खाली वाळू, १२ ते १६ नॉटचा वारा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, निदान १०० मीटर मोकळी जागा हवी. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे हा वारा साधारण २२ ते ३० किलोमीटरचा. कंबरभर म्हणजे कंबरभरच. गुडघाभर पाणी सुरक्षित वाटतं, पण जोरात पडलं की त्यात गुडघा, खांदा तळाला आपटतो आणि बोर्डाचे फिन (तळाचे पंख) वाळूत रुततात.

आकड्यांमध्ये लोक एका ठिकाणी हमखास फसतात. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १२ नॉटचे १७ झाले की ओढ जवळपास दुप्पट, १० चे २० झाले की चौपट. म्हणून अंदाज पाहताना नुसता सरासरी वेग बघू नका, झटक्यांचा आकडाही बघा. सरासरी १४ आणि झटके २४ असा दिवस शिकाऊचा नाही. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटमध्ये साधारण १२ चौरस मीटरची काइट लागते, २० मध्ये ९ ची, २५ मध्ये ७ ची. विंडी किंवा विंडगुरू या हवामानाच्या अ‍ॅपवर खाऱ्या वाऱ्याचा अंदाज बरेचदा कमी येतो, कारण त्यामागच्या संगणकी मॉडेलचा एक चौकोन काही किलोमीटरचा असतो आणि किनारपट्टीची तापलेली वाळू त्यात नीट धरली जात नाही. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा अंदाज बघावा.

दुसरा टप्पा सगळ्यात फसवा. बोर्डवर उभं राहता येतं, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो तिकडे, परत येता येत नाही. प्रत्येक फेरीत माणूस खाली सरकतो आणि बोर्ड काखेत मारून वाळूतून परत चालतो. अशा वेळी खाली निदान किलोमीटरभर सलग, बिनखडकाचा किनारा लागतो. छोट्या, दोन्हीकडून खडकांनी बंद असलेल्या सुंदर खाडीत या टप्प्यावर जाऊ नये. नेमकी तीच आवडते, हा भाग वेगळा.

खोल पाण्यात एकट्यानं जायच्या आधी स्वतःला सोडवता आलं पाहिजे. काइटचा जोर सोडणारं क्विक रिलीज दाबायचं, काइट माणसाला बांधून ठेवणारी लीश राहू द्यायची. आधी सेफ्टीची एकच दोरी हातातल्या दांड्यावर, म्हणजे बारवर, काही मीटर गुंडाळायची, म्हणजे काइट पुन्हा जोर धरत नाही. मग बाकीच्या दोऱ्या गुंडाळून गाठ मारायची, काइटपर्यंत जायचं आणि तिचं टोक धरून शिडासारखं किनाऱ्याला लागायचं. दोऱ्या बोटांभोवती किंवा मनगटाभोवती कधीही गुंडाळू नका, बोट जातं. आणि ही युक्ती वारा किनाऱ्याकडे नेत असेल तरच चालते. विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेल्या आपल्या पोट्ट्यांनी एवढं जाणून असावं की ओहोटीची ओढ पोहून तोडता येत नाही, तिला तिरपं कापून बाहेर यावं लागतं.

आता जागा. गोव्यात मोरजी आणि आश्वेचा पट्टा पश्चिमेकडे तोंड करून आहे. डिसेंबर ते एप्रिल दुपारी वायव्येचा खारा वारा तिरपा येतो, म्हणजे दिशा शिकाऊला सोयीची. पण जोर बेताचा, त्यामुळे मोठी काइट लागते. दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला तिकडे जाऊ नका. मोरजीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यासाठी राखलेल्या पट्ट्यात काइट पसरू नये. तारकर्ली-मालवणची दिशाही चांगली, पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं सुरू असेल तर त्या दोरांच्या जवळपास उतरू नका.

भरतीची वेळ काढायला कोकणातला हिशेब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. पंधरा मिनिटं, अर्धा तास इकडेतिकडे होणारच. भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते, काइट उतरवायला जागा राहत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हे जास्त जाणवतं, अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीत, कमी.

खरी शिकायची जागा रामेश्वरम. नागपूर, सेवाग्राम, बल्लारशाहवरून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या भरपूर, आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाल्यापासून रेल्वे पुन्हा बेटापर्यंत जाते. बेटाच्या एका अंगाला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात. वारा नैर्ऋत्येचा असो की ईशान्येचा, एक बाजू लाटांची आणि दुसरी सपाट पाण्याची राहते. भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो. पण सपाट बाजूला वारा वाळूच्या पट्टीवरून पाण्याकडे जातो हे विसरू नका. तिथे बचावाची बोट नाही असं काइट शिकवणाऱ्या शाळेनं सांगितलं तर पैसे भरू नका. मन्नारच्या बाजूला प्रवाळ आहेत, पायात बूट हवेत.

त्याहून जोराचा वारा श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मिळतो, मे ते ऑक्टोबर. सरोवर शिकाऊंचं, बाहेरचा समुद्र लाटांत खेळणाऱ्यांचा.

आपल्याकडचं शेतीचं वेळापत्रक धरलं तर दिवाळी सगळ्यात वाईट. तामिळनाडूत तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि गोव्याचा वारा जमलेला नसतो. तूर निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, रामेश्वरमचा ईशान्य वारा सापडतो. पेरणीआधीच्या मे महिन्यात नैर्ऋत्य वारा. कोकणात मात्र १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्या समुद्रात कुणीही उतरू नये.

धरणावर सराव करू का, असं हमखास विचारलं जातं. नको. बुडीत क्षेत्रात पाण्याखाली खोडं असतात, मासेमारांची जाळी असतात, टेकड्यांवरून वारा गढूळ होऊन येतो, आणि काठाने विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यापेक्षा पीक निघालेल्या मोकळ्या वावरात, झाडं-तारांपासून लांब, २ ते ३ चौरस मीटरची सरावाची काइट दहा-बारा तास उडवा. ती डोक्यावर स्थिर धरून गप्पा मारता यायला लागल्या की रामेश्वरमचं तिकीट काढा.