लिलियन गिश नोंदवही, टप्पा तिसरा: यादीतलं भगदाड आणि उकळणारं पाणी

अमेरिकन अभिनेत्री लिलियन गिश यांच्या कामांच्या तक्त्यात १९१२ ते १९२८ हा मूकपटांचा भाग उतरवून झाला. बोलपटांपाशी आल्यावर तक्ता अडला. नुसते चित्रपट मांडले तर १९३० मध्ये ‘वन रोमँटिक नाइट’, १९३३ मध्ये ‘हिज डबल लाइफ’ आणि मग थेट १९४२. आवाज आला आणि बाई संपल्या, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह इथेच होतो. बऱ्याच जणांनी ते लिहूनही टाकलंय.

म्हणून प्रत्येक वर्षाला दोन ओळी केल्या: वर पडदा, खाली रंगभूमी. खालची ओळ भरायला घेतली आणि भगदाड बुजलं. १९३० ‘अंकल वान्या’त हेलेना, १९३२ ‘कमिल’, १९३४ ‘विदिन द गेट्स’, १९३६ ला न्यूयॉर्कच्या एम्पायर थिएटरात जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ऑफिलिया, १९३७ ‘द स्टार वॅगन’, १९४० ला शिकागोत ‘लाइफ विथ फादर’. ऑफिलिया उभी केली तेव्हा बाई त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पडद्यावरच्या क्लोजअपने ती भूमिका त्या वयात झेपू दिली असती का, शंकाच आहे.

रंगभूमीच्या ओळीत दोन खड्डे आहेत. नाटकाच्या नावाने नोंद लावली की ‘अंकल वान्या’ एकदाच येतं, कारण १९७३ ची नोंद १९३० च्या नोंदीत मिसळते. १९७३ मध्ये त्या हेलेना नाहीत, म्हातारी दाई मरीना आहेत. तेव्हा नोंदीची ओळख वर्ष आणि भूमिका मिळून ठरवायची. दुसरा खड्डा ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’चा: १९५३ मध्ये आधी टीव्हीवर, मग त्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे नोंदी दोन. १९८५ चा चित्रपट मात्र जेराल्डिन पेजचा. तो या वहीत घालू नये.

जन्मवर्ष १८९३ धरावं (१४ ऑक्टोबर, स्प्रिंगफील्ड, ओहायो). जुन्या छापील मजकुरात १८९६ सर्रास सापडतं आणि मग वयाची सगळी गणितं तीन वर्षांनी चुकतात.

आता मूकपटांच्या लांबीचा रकाना. इथे मिनिटं लिहू नका, फूट लिहा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला १६ फ्रेमने ते रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, १८ ने १४:४९, २० ने १३:२०, २४ ने ११:०७. एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत वीस-वीस मिनिटांचा फरक दिसतो तो अनेकदा यामुळे. प्रत्येक वेळी काही कापलेलं असतंच असं नाही.

प्रत सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात पळत असेल तर प्लेअरमध्ये ०.७५ पट वेग दिला की १८ मिळतात. संगीत आधी बंद करा, ते भेसूर ऐकू येतं. पण त्याआधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. दर चौथी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल असेल, तर १८ चा वेग प्रतीतच बसवलेला आहे. त्यावर पुन्हा ०.७५ लावलं की माणसं चिखलातून चालल्यासारखी दिसतात.

वेग जोखायला चेहरा बघू नये, पाणी आणि कापड बघावं. ‘वे डाउन ईस्ट’ (१९२०) मध्ये व्हरमाँटच्या गोठलेल्या नदीवर बाई बर्फाच्या तुकड्यावर पडल्यात, उजवा हात आणि केस पाण्यात लोंबतायत. प्रसंग खरा, पाणीही खरं. त्या बोटांचा त्रास त्यांना पुढे कायम राहिला. वेग जास्त असेल तर हाताशेजारचं पाणी उकळल्यासारखं दिसतं. १६ पासून २२ पर्यंत एकेक फ्रेम वाढवत जा आणि पाणी वाहतंय असं वाटेल तिथे थांबा. एकच आकडा पूर्ण चित्रपटाला लागू पडेलच असं नाही, कॅमेरा हाताने फिरवलेला आहे. ‘द विंड’ला (१९२८) हात लावू नये. तो ध्वनीच्या उंबरठ्यावरचा आहे, संगीताच्या ट्रॅकसह आला, वेग बदलला की वाळूचं वादळच मरगळतं. त्याचा दिग्दर्शक शोधताना ‘स्यॉस्ट्रॉम’ आणि ‘सीस्ट्रॉम’ ही दोन्ही नावं टाका, माणूस एकच.

१९५५ चा ‘द नाइट ऑफ द हंटर’ आणि १९८७ चा ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ सरळ नोंदले, अडचण आली नाही.

रकाना एकच अर्धा राहिलाय, दिग्दर्शन. त्यात एकच नाव, ‘रिमॉडेलिंग हर हजबंड’ (१९२०), नायिका धाकटी बहीण डोरोथी. प्रत हरवलेली. फूट आणि वेगाच्या जागी रेघ मारली आहे.