ब्रेडबोर्डवरचे बटण आणि वाऱ्यावर सोडलेली पिन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम करणाऱ्याला यंत्र उघडून पाहण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागत नाही. एखादा सुटा भाग नीट बसत नसेल तर आधी मोजायचे आणि मग बोलायचे, ही इथली रीत आहे. मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) शिकताना मला हीच रीत सर्वांत जास्त उपयोगी पडली. या विषयात नवशिक्याला बहुधा पहिल्याच दिवशी तयार प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगतात. दिवा लुकलुकतो, आनंद होतो, पण तो का लुकलुकला हे कळत नाही. म्हणून सुरुवात प्रोग्रामपासून नव्हे, तर मल्टिमीटरपासून (व्होल्ट, करंट मोजणाऱ्या यंत्रापासून) करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी वापरतो तो मायक्रोकंट्रोलर बोर्ड आर्डुइनो उनो. इटलीतील इव्रिया या गावच्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनोची सुरुवात झाली, आणि इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही कमी खर्चात प्रयोग करता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामातील आकडे ठेवण्यासाठी अवघी २ किलोबाइट जागा असते. मोबाइलच्या तुलनेत हे काहीच नाही. पण टाकीची पातळी पाहणे, अंधार पडल्यावर दिवा लावणे, मोटर बंद करणे एवढ्या कामांना ते पुरून उरते.

पहिला प्रयोग ब्रेडबोर्डवर (भाग टोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर) एलईडीचाच करावा, मात्र आकडेमोड करून. बोर्डच्या पिनवर (तार जोडायच्या जागेवर) ५ व्होल्ट मिळतात, लाल एलईडी त्यांपैकी सुमारे २ व्होल्ट घेतो, आणि उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर (करंटला अडवणाऱ्या भागावर) पडतात. रेझिस्टर २२० ओहमचा असेल (त्यावर लाल, लाल, तपकिरी असे पट्टे असतात) तर साडेतेरा मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहील. एका पिनकडून २० मिलिअँपिअरच्या आतच काम घ्यावे, त्यामुळे हा हिशोब सुरक्षित आहे. आता मल्टिमीटरच्या तारा आधी एलईडीच्या आणि मग रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना लावून व्होल्ट मोजावेत. दोन्हींची बेरीज पाचाच्या किंचित खाली येते, कारण चिपच्या आतही करंटला थोडा अडथळा असतो आणि थोडे व्होल्ट तिथे खर्ची पडतात. कागदावरचा हिशोब आणि मीटरवरचा आकडा यांतला हा लहानसा फरक ज्याने स्वतः पाहिला, त्याला पुढची सर्किटे परकी वाटत नाहीत.

यानंतर बटण. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. एका पिनला इनपुट म्हणून घोषित करावे, तिला एक जंपर वायर लावून वायरचे दुसरे टोक मोकळेच ठेवावे आणि त्या पिनचे वाचन सीरियल मॉनिटरवर (बोर्डकडून आलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) सतत छापत राहावे. बटण जोडलेलेच नसताना पडद्यावर शून्य (० व्होल्टच्या जवळ) आणि एक (५ व्होल्टच्या जवळ) यांची सरमिसळ दिसू लागते. वायरजवळ हात नेला की ती बदलते, आणि शेजारी ट्यूबलाइटची वायर असेल तर आणखीच बदलते. प्रोग्राम बरोबर असतो आणि बोर्डही चांगला असतो. इनपुट पिनमधून जवळपास करंटच वाहत नाही, त्यामुळे भोवतीच्या ५० हर्ट्झ वीजवाहिन्यांचा अगदी क्षीण परिणामसुद्धा तिला वर-खाली ढकलायला पुरतो. ती पिन अक्षरशः वाऱ्यावर सोडलेली असते.

उपाय चिपमध्येच आहे. प्रोग्राममध्ये इनपुट पुलअप हा पर्याय निवडला की २० ते ५० किलोओहमचा आतला रेझिस्टर त्या पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो, आणि बटणाचे एक टोक पिनला आणि दुसरे ग्राउंडला (० व्होल्टला) जोडले की बटण दाबल्यावर वाचन शून्य होते. दाबल्यावर एक यावा अशी आपली अपेक्षा असते आणि घडते नेमके उलट. सर्किट डोळ्यांसमोर असेल तर हे उलटेपण पाठ करावे लागत नाही. बटणाचे आतले पत्रे एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून एकदा दाबले तरी मोजणी तीन-चार वेळा झालेली दिसते. पहिला बदल दिसल्यावर वीस-तीस मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचले की काम भागते.

प्रकाश मोजणारा एलडीआर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर यांचे सर्किट त्यामानाने सोपे जाते. दोन्हींच्या जोडावरचे व्होल्ट वाचताना बोर्ड ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडतो, म्हणजे एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा.

आमच्या भागात मात्र सगळ्यांची नजर रिलेवर (छोट्या करंटने मोठे सर्किट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) असते, कारण शेतीपंपांना वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते आणि उसाला पाणी पाजणाऱ्याला रात्री-अपरात्री शेतावर जावे लागते. इथे घाई करू नये. ५ व्होल्टच्या लहान रिलेच्या कॉइलला (चुंबक तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे पिनच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर (पिनच्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) घालावा लागतो. शिवाय कॉइलचा करंट तुटताच तिचे चुंबकक्षेत्र कोसळते आणि उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज झटका येतो, जो ट्रान्झिस्टरला मारू शकतो. कॉइलला समांतर, उलट दिशेने लावलेला १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) तो झटका जिरवतो. तयार रिले मॉड्यूलवर हे दोन्ही भाग आधीच बसवलेले असतात, तरी एकदा स्वतः जोडून पाहावेत.

पाच एचपीची थ्री फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्यामुळे असा रिले मोटर थेट चालवण्यासाठी नसून, फार तर स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा मोठा करंट झेलणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलला इशारा देण्यापुरताच वापरता येतो. सध्या माझा रिले टेबलावर १२ व्होल्टचा एक छोटा पंप चालू-बंद करतो, आणि शेतावरच्या पेटीतली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची, असे घरी ठरले आहे.