गडावर आज हवालदार कोण?

साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. त्यामुळे आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या किल्ल्यात कुठे काही चुकलं तर लपायचं नाही. येणारा-जाणारा थांबायचा, एकदा वर डोंगराकडे बघायचा, एकदा खाली आमच्या मातीकडे, आणि सांगून जायचा, "बुरूज तिथे नाही रे पोरांनो, अजून डावीकडे घ्या." त्याचं ऐकून आम्ही बुरूज हलवायचो. खरं तर तो किल्ला सगळ्या पेठेनेच केलेला असायचा.

कोणता गड करायचा हे कोजागरीला ठरायचं. पटांगणात दूध आटत असायचं आणि आमचा वाद रंगलेला असायचा. कुणाला प्रतापगड हवा, कुणाला सज्जनगड. वासोटा दरवर्षी कुणीतरी सुचवायचं आणि त्याचा सरळ तुटलेला बाबूकडा कसा उभा करणार या प्रश्नावर तो मागे पडायचा. मोठ्या दादांचा एक नियम होता, गड पाहून आल्याशिवाय माती कालवायची नाही. सहामाही परीक्षा संपली की पुढच्याच रविवारी पहाटे सगळे निघायचे. वर गेल्यावर प्रत्येकाला एकेक काम. कुणी दरवाजा कोणत्या दिशेला आहे ते बघायचं, कुणी पाण्याची टाकी मोजायची, कुणी तटाच्या कडेने चालत वळणं वहीत काढायची. अजिंक्यतारा वरून साधारण त्रिकोणी आहे, हे शाळेतल्या नकाशापेक्षा पायांना आधी कळलं.

मग माती. डोंगराच्या पायथ्याचा मुरूम, कुणाच्या तरी परसातला पोयटा, पडक्या भिंतीच्या विटा आणि दगड. आधी दगड-विटांचा सांगाडा रचायचा. मग गोणपाट पातळ चिखलात बुचकळून त्यावर टाकायचं. गोणपाट ओलं असतानाच हाताने दाबून घळी, सोंडा आणि माच्या काढाव्या लागतात. वाळलं की ते ऐकत नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, बोटांखाली गोणपाटाची खरखरीत वीण, आणि समोर खरा डोंगर. त्या वेळी कुणी फार बोलत नसे. कातळ दाखवायचा तिथे चिखल कमी लावायचा म्हणजे दगड उघडा राहतो. उतारावर अळीव पेरायचे आणि वरून हाताने पाणी शिंपडायचं, पाणी ओतलं की बी वाहून खाली येतं. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलं तर पहिल्या पणतीला गड हिरवा असतो. हे गणित शेजारच्या आजींचं. त्या रोज सकाळी अंगणातून बघून सांगायच्या, आज पाणी नको, उद्या द्या.

इथपर्यंत महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळात होतं. आमच्याकडे मजा पुढे होती. किल्ला झाला की किल्ला चालवायचा खेळ सुरू व्हायचा, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, रोज संध्याकाळी.

टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी निघेल ती भूमिका. हवालदाराकडे गडाच्या किल्ल्या, म्हणजे सुतळीत ओवलेल्या जुन्या कुलपांच्या चाव्या. दिवेलागणीला दरवाजा बंद करायचा तो त्यानेच. सबनिसाकडे वही, हजेरी आणि खर्च. कारखानिसाकडे कोठार, धान्य म्हणून चिंचोके. सरनोबताने पहारे नेमायचे. शिवकाळात गडाचा कारभार असाच वाटून दिलेला होता, एकट्याच्या हाती सगळा गड नसे. इतिहास शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी हे सगळं समजावून खेळ बसवला होता आणि निवाडाही त्याच करायच्या. बाकीचे मावळे, गवळणी, पाथरवट, जासूद. दुसऱ्या टोपीतून रोज एक संकटाची चिठ्ठी निघायची. पावसाने तट ढासळला. टाक्याला गळती लागली. खाली शत्रूचे मोर्चे दिसले.

बाईंचा एकच कायदा होता आणि तो फार सुंदर होता. जे गडावर बांधलेलं आहे तेच वापरता येईल. पाण्याची चिठ्ठी निघाली आणि टाकं खणलेलंच नसेल तर गड तहानलेला. चोरदरवाजा ठेवला नसेल तर जासूद बाहेर जाणार कुठून? एका वर्षी शोभेच्या नादात मंदिर, राजवाडा, कारंजं असं सगळं झालं आणि टाकं एकच निघालं, तेही उथळ. पाडव्यापर्यंत गड गेला. पुढच्या वर्षी कुणी न सांगता पोरांनी सगळ्यात आधी टाकी खणली. कोणत्या सोंडेवरून चढता येतं, दरवाजासमोर बुरूज आडवा का घालायचा, पहारेकऱ्याला उतार कुठून दिसत नाही, हे सगळं त्या खेळात हाताने आणि डोक्याने शिकलो.

सगळ्यात रंगलेला खेळ अजिंक्यताऱ्याच्या वेढ्याचा. 1699 च्या अखेरीस औरंगजेब स्वतः साताऱ्यावर चालून आला आणि 1700 च्या एप्रिलपर्यंत किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड झुंजवला. बादशहाची छावणी साताऱ्याजवळच्या करंजे गावी होती. म्हणून करंज्यातून खेळायला येणाऱ्या पोरांवर मोगलांची बाजू यायची आणि ती दरवर्षी तक्रार करायची. परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे सज्जनगडावरून, मराठ्यांचे कारभारी परशुराम त्र्यंबक गडाला रसद पोचवत होते. आमच्यात ते काम शेजारच्या गल्लीकडे. चिंचोक्यांच्या पुरचुंड्या मोगलांच्या नजरेतून चुकवून कोठारापर्यंत आणायच्या. एक चिमुरडी फ्रॉकच्या खिशात रसद घेऊन छावणीतून सरळ चालत आली, कुणाला संशयही आला नाही. त्या दिवशी तिची जी मिरवणूक निघाली ती अजून डोळ्यासमोर आहे.

मोगलांनी सुरुंग लावले तेव्हा प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट कोसळला तो मोगलांच्याच अंगावर. हा प्रसंग आम्ही करायचो तेव्हा प्रयागजी झालेला मुलगा गोणपाटाखाली निजायचा. वरून मूठ मूठ माती. सगळे गप्प. मग गोणपाट हलायचं, तो मातीने भरलेला उठून बसायचा आणि पटांगणात जो गलका व्हायचा त्याने वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. गड शेवटी मोगलांकडे गेला, औरंगजेबाने त्याला आझमतारा नाव दिलं. बाई तेही खेळातून गाळू द्यायच्या नाहीत. गड गेला तर गेला म्हणायचं, आणि पुन्हा कसा घेता येईल ते दुसऱ्या दिवशी बसून ठरवायचं.

वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी सबनीस झाली की तिच्या वहीपुढे हवालदाराचंही चालत नसे. घरी भाऊ-बहिणीशी भांडणारा एक जण कारखानीस झाल्यावर चिंचोके समान वाटायचा. चिठ्ठी सगळ्यांना सारखी होती, मुलगा-मुलगी, मोठा-धाकटा असं काही नाही. मला त्या मंडळाचं सगळ्यात जास्त कौतुक या गोष्टीचं वाटतं. इतर ठिकाणी किल्ल्याजवळ 'हात लावू नये' अशी पाटी असायची. आमच्याकडे हात लावल्याशिवाय खेळच सुरू होत नसे.

तुळशीचं लग्न लागलं की गड उतरवायचा. माती परत परसात, विटा ज्याच्या त्याला.

2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. बातमी आली त्या दिवशी जुन्या मंडळींचे फोन सुरू झाले आणि प्रत्येकाला आठवला तो मातीचा प्रतापगड, ज्याच्या खालच्या किल्ल्याचे बुरूज करताना चिखल पुरला नव्हता. आता खेळ पुढची मुलं चालवतात. त्यांनी संकटाच्या टोपीत वणव्याची चिठ्ठी टाकली आहे आणि आग अडवायला तटाबाहेर जाळपट्टा काढायला शिकली आहेत. यंदा म्हणे वासोटाच करायचा. बाबूकड्यासाठी विटा कुणाकडे आहेत, याची विचारणा कोजागरीच्या आधीच सुरू झाली आहे. माझ्या परसात थोड्या आहेत, तेवढ्या देतो म्हणून कळवलं आहे.