वरची फट

शनिवार

तिसऱ्यांदा कागद फाडला. पहिल्या चित्रात खुराडं ३ फूट बाय २ फूट होतं आणि मला ते भरपूर वाटत होतं, कारण मनात पिल्लं होती. पिल्लं चार-पाच महिन्यांत अंड्यावर येतात. मध्यम अंगाच्या एका कोंबडीला आत निदान ४ चौरस फूट लागतात, बाहेर फिरायला ८ ते १०. दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्याही नेमक्या तिथेच टोचतात. म्हणून माझ्या चार तलंगांसाठी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांसाठी, ४ बाय ४ ची खोली आणि तिला लागून ४ बाय १० चं जाळीचं अंगण. परसात खुंट्या ठोकून दोरी लावली आणि दोरीच्या आत बराच वेळ उभी राहिले. आता जागा पटली.

रविवार

चौकट उभी झाली, पण एक कोपरा पाऊण इंच बाहेर. दोन्ही कर्ण मोजायचे राहून गेले होते. सगळे स्क्रू काढले, कर्ण सारखे येईपर्यंत चौकट ढकलली, पुन्हा बसवले. अंधार पडला.

मंगळवार

आजचा दिवस जाळीत गेला. षटकोनी भोकांची पातळ जाळी मी आधीच आणून ठेवली होती. नावच कोंबडीजाळी, मग दुसरा विचार कशाला करायचा? पण ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मांजराचा पंजा भोकातून सहज आत जातो, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला तेवढं पुरतं. ती जाळी आता वाफ्याला लावेन. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची जाळी लावली आणि नुसत्या खिळ्यांवर न सोडता दर वीतभर अंतरावर स्क्रू आणि रुंद वायसर घालून आवळली.

जमिनीखालून येणाऱ्यांसाठी खोल चर खणायची तयारी ठेवली होती, पण त्याहून सोपी युक्ती आहे. जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा भिंतीच्या पायापासून बाहेरच्या बाजूला सपाट अंथरायचा, भिंतीच्या जाळीला तारेनं बांधायचा आणि वर माती टाकायची. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला उकरायला लागतं. तिथे नखांना जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. मला ही युक्ती फार आवडली. गवत उगवलं की पट्टा दिसणारही नाही.

शुक्रवार

उतरतं छप्पर घातलं, दाराला कडी लावली. मग तीन तास बसून प्रत्येक फट लांबी (पुट्टी) भरून बुजवली. पत्र्याखाली एक बोटभर मोकळं राहिलं होतं, तिथे पट्टी ठोकली. वारा कुठूनही लागू नये, थंडीत पाखरं गारठू नयेत, एवढंच डोक्यात होतं. अंधारात आत बॅटरी लावून बाहेरून पाहिलं, एकही किरण बाहेर येत नव्हता. फार समाधान वाटलं.

सोमवार

चौघी आल्या. चार-पाच दिवस दार उघडायचं नाही, म्हणजे हेच घर हे त्यांच्या मनात बसतं आणि पुढे संध्याकाळी आपणहून परत येतात.

रविवार

सकाळी दार उघडलं आणि नाकात झणका गेला. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, खालचा भुसा काही ठिकाणी ओला होता. एक तलंग डोळे अर्धे मिटून उभी होती. मी उभी होते तेव्हा वास सोसण्यासारखा होता. गुडघे टेकून तिच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेलं तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आजीला फोन केला. तिनं पहिलं विचारलं, "वारा कुठून जातो आतला?" मी म्हटलं, "जातच नाही, सगळं बंद केलंय." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "थंडीनं नाही गं मरत कोंबडी, अंगावर पिसं असतात तिच्या. ओलीनं आजारी पडते."

किती सरळ गोष्ट होती. कोंबडीच्या विष्ठेत पाऊण भाग पाणीच असतं, त्यात रात्रभराचा चौघींचा श्वास. ही ओल वर जाते, गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन पुन्हा खाली पडते. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो डोळे, घसा, फुप्फुसं जाळतो. उन्हाळ्याचा तर मी विचारच केला नव्हता. त्यांचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकणं हाच त्यांचा उपाय.

पट्टी उखडली. समोरासमोरच्या दोन भिंतींना पत्र्याखाली ६ इंच उंचीची लांब खिडकी कापली, त्यावर तीच जाड जाळी. वारा बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही, म्हणून ती इतक्या वर. ओला भुसा काढून कोरडा चार बोटं पसरला, पाण्याचं भांडं बाहेरच्या अंगणात हलवलं. अर्धा दिवस लागला. त्या तलंगेचे डोळे संध्याकाळपर्यंत उघडे दिसले, तेव्हा मी जेवले.

बुधवार, रात्री

पत्रा कोरडा आहे. वास नाही.

आता वेगळंच. तिघी दांडीवर झोपतात, पण तांबडी रोज अंड्याच्या खोक्यात जाऊन बसते आणि रात्रभर तिथेच घाण करते. कारण मोजपट्टीनं सांगितलं: दांडी १८ इंचांवर, खोका २० इंचांवर. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते, आणि ती मीच चुकीच्या ठिकाणी ठेवली. दांडीची रुंद बाजू वर ठेवली, कडा घासून गोल केल्या, बोटं पिसांखाली झाकली जातील असं सगळं पाहिलं. उंची तेवढी राहिली.

आत्ता बॅटरी खाली धरून गेले होते. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे पळत नाहीत. तांबडीला दोन्ही हातांनी उचललं. पोटाखाली केवढी ऊब. दांडीवर ठेवलं तर जराशी डुलली, मग पाय रोवून शेजारणीला चिकटली. सकाळी आधी खोका १२ इंचांवर उतरवते.